डाव्या भिंतीवरच्या रेघा

अकराच्या चहाला वैष्णवीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "योगिनीताई, हे बघ ना. एकोणीस नंबरचं काय आहे ते कुणालाच ओळखता आलेलं नाही." सातपूरच्या ज्या छापखान्यात आम्ही दोघी द्राक्षांच्या खोक्यांवरची आणि बेदाण्याच्या पाकिटांवरची चित्रं करतो, तिथं अकरा ते सव्वाअकरा एवढाच वेळ मशिनं गप्प असतात, आणि तो वेळ मी सहसा कुणाला देत नाही. पण वैष्णवीला नाही म्हणणं जमत नाही. ती 'भुयार'ची भक्त आहे. तीन भाग आलेत, चौथा येऊ घातलाय आणि एवढी गाजलेली गेम आपल्या नाशकात तयार होते याचा तिला इतका अभिमान की जणू तिच्या काकांनीच ती केलीय. भुयारची खासियत अशी की तिच्यात जगभरातल्या दुसऱ्या गेम्सच्या खुणा लपवून ठेवलेल्या असतात. एखाद्या कोनाड्यात कुठल्याशा जपानी गेममधली कंदिलवाली म्हातारी बसलेली असते, एखाद्या विहिरीच्या तळाशी पोलंडच्या कुठल्या गेममधला लंगडा कोल्हा असतो. पोरं त्या खुणा हुडकतात, याद्या करतात, व्हिडिओ टाकतात. वैष्णवी दाखवत होती तो व्हिडिओ तसलाच, भुयारमधले बावीस छुपे संदर्भ. एकोणिसाव्या नंबरला एक दरवाजा होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाच्या तीन तिरक्या रेघा होत्या. प्रत्येक भागात, प्रत्येक दरवाज्यावर त्या आहेत, असं तो व्हिडिओवाला सांगत होता, पण कुठल्या गेममधून आल्यात ते माहीत नाही. मग त्यानं शेखरच्या मुलाखतीचा तुकडा जोडला होता. शेखर म्हणजे भुयारचा कर्ताकरविता. दाढीत पांढरे केस आलेत आता त्याच्या. कुणीतरी विचारलं, त्या रेघा काय आहेत? तो डोळे अर्धवट मिटून हसला. ते हसू मला पाठ आहे. म्हणाला, "ती एका मैत्रिणीच्या जुन्या गेमची आठवण आहे. तिनं हे क्षेत्र सोडलं. आमच्या परीनं तिला केलेला हा नमस्कार. नाव सांगितलं तर शोधण्यातली मजा जाईल."

वैष्णवी म्हणाली, "किती गोड ना?" मी कपातला चहा मोरीत ओतला. ती घाबरून बघत राहिली. मशिनं सुरू झाली आणि मी स्क्रीनवरच्या द्राक्षाच्या घडाला पाणी लागल्याचे थेंब काढायला बसले, पण थेंब सगळे अंड्यांसारखे यायला लागले. मला रडू आलं नव्हतं. त्याचा गळा धरावा असं वाटत होतं, आणि हे वाटणं नवीन नव्हतं, फक्त बारा वर्षं ते जिथं नीट घडी घालून ठेवलं होतं तिथून कुणीतरी ते ओढून काढलं होतं.

बारा वर्षं मी काय केलं हे कुणाला सांगण्यासारखं नाही. भुयारचा पहिला भाग आला त्या दिवशीच मी तो घेतला आणि खेळले, दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिन्हींना तीन वेगवेगळ्या खोट्या नावांनी एकेक तारा दिला. त्यातलं एक नाव 'नाराज खेळाडू, चांदवड' असं होतं. त्या कंदिलवाल्या म्हातारीला याद्या करणाऱ्या पोरांच्या आधी मी ओळखलं होतं, लंगड्या कोल्ह्यालाही. जगातल्या कुणाकुणाला शेखरनं वाकून नमस्कार केलाय ते मी एका वहीत लिहून ठेवत असे, कारण शेवटच्या नावांच्या पाटीत त्या सगळ्यांचे आभार असत आणि मी दर वेळी ती पाटी शेवटपर्यंत बघत असे. माझं नाव कधी नव्हतं. आणि त्या रेघा? त्या तर मी पहिल्या भागातल्या पहिल्याच दरवाज्यावर पाहिल्या होत्या. तिसऱ्या रेघेखाली रंगाचा जो ओघळ आहे तोसुद्धा ओळखला होता. त्या दिवशी मी मोठ्यानं हसले होते, शेजारच्या खोलीतल्या मुलीनं दार वाजवून काय झालं विचारलं होतं. चोरानं सगळं नेलं होतं आणि मालाबरोबर मालकाची खूणही नेली होती, कारण ती खूण आहे हेच त्याला कळलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. कधीतरी, योग्य वेळी, मी ती सगळ्यांसमोर ठेवीन असं मी ठरवलं होतं आणि योग्य वेळ येण्याची वाट बघत द्राक्षांवर थेंब काढत राहिले होते. आता त्यानं तीही घेतली. कुणीतरी त्याला रेघा दाखवल्या आणि त्यानं डोळे मिटून त्यांचा नमस्कार करून टाकला. माझ्या हातातलं हत्यार काढून घेऊन त्यानं त्याला हळदीकुंकू वाहिलं.

त्या रेघा माझ्या नाहीत, नानांच्या आहेत. नाना म्हणजे माझे वडील, भारत. मखमलाबादला आमची फुलशेती, झेंडू, शेवंती, मधे थोडी कोथिंबीर. माल भरायच्या प्लास्टिकच्या खोक्याला आमच्याकडे सगळे कॅरेट म्हणतात. पंचवटीतल्या फूलबाजारात शंभर घरांची सारखीच कॅरेटं एकमेकांत मिसळतात, म्हणून जो तो आपली खूण करतो. कुणी नावाची अक्षरं, कुणी बदाम, कुणी त्रिशूळ. नाना दर दसऱ्याच्या आधी पांढऱ्या ऑइलपेंटच्या डब्यात आपली तीन बोटं बुडवत आणि कॅरेटच्या अंगावर तिरकी ओढत, वरून उजवीकडे झुकलेल्या तीन रेघा. कॅरेट उलटं ठेवलं तरी त्या उजवीकडेच झुकलेल्या राहतात, हे लहानपणी मी पन्नास वेळा कॅरेट फिरवून बघितलं होतं आणि मला ती जादू वाटायची. त्यांचे थोरले भाऊ चिमाजी, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, वाटण्या झाल्यावर त्यांनीही तीन बोटांचीच खूण घेतली, कारण वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची खूण तीच होती आणि ती सोडायला दोघंही तयार नव्हते. मग पंचांनी सांगितलं, एकानं उजवीकडे झुकवा, एकानं डावीकडे. तेव्हापासून डावीकडे झुकलेल्या रेघा आप्पांच्या. बाजारातलं शेंबडं पोरसुद्धा दुरून बघून सांगे, हे भारतनानाचं, ते चिमाजीआप्पाचं.

आणि बाजारात एक रीत होती. आपलं कॅरेट दुसऱ्याच्या मालात सापडलं तर ओरडायचं नाही, आडत्याकडे जायचं नाही. कॅरेट उचलायचं, आतला माल तिथंच जमिनीवर ओतायचा आणि रिकामं कॅरेट घेऊन चालू लागायचं. माल त्याचा, त्याला ठेवला; कॅरेट आपलं, आपण नेलं. यावर समोरच्यानं काही बोलायचं नसतं आणि कुणी बोलतही नाही. मी अकरा वर्षांची होते तेव्हा दसऱ्याच्या आदल्या सकाळी नानांनी आप्पांच्या थप्पीत आपलं एक हिरवं कॅरेट बघितलं. चुकून भरलं असेल, घाईत भरलं असेल, आदल्या वर्षीचं भांडण होतं म्हणून मुद्दामही भरलं असेल.  नाना पुढं गेले, कॅरेट उचललं आणि ओतलं. झेंडूचा केशरी ढीग ओल्या, पायांनी तुडवलेल्या चिखलात पडला. आप्पा जागचे हलले नाहीत. आमची काकू, कुसाबाई, खाली बसली आणि त्यातली बरी फुलं वेचून पदरात घ्यायला लागली. नानांनी मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं. काकूनं मला त्याच सकाळी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली होती, तरी मला तेव्हा काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं होतं. पोटात थंडगार, गोड असं काहीतरी वाटलं होतं. घरी आल्यावर आईनं, काय झालं, कोण काय म्हणालं, यातलं एकही अक्षर विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कॅरेट आणलं का?" नानांनी ते अंगणात ठेवलं. त्यात पुन्हा कधी फुलं भरली नाहीत. ते पालथं घालून आई त्यावर पाण्याची कळशी ठेवते, आजही.

त्याच कॅरेटचा फोटो मी 'वाफा'मध्ये वापरला. वाफा ही माझी गेम, शेखरची आणि माझी, पण सुरुवात माझी. कॉलेज रोडवर एका दवाखान्याच्या माडीवर आम्ही एक खोली घेतली होती, दोघंही बावीस वर्षांचे, शेखर कोड लिहायचा आणि मी चित्रं करायची, नकाशे करायची, खेळ रचायची. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं. एका वेळी एकच वाट उघडी, दुसरी उघडली की पहिली बंद. रान सुकायच्या आत सगळे वाफे भिजले पाहिजेत. एवढंच. शेखर कॅनडा कॉर्नरचा, त्यानं आयुष्यात पाटाच्या पाण्यात पाय घातला नव्हता, मी त्याला कागदावर रेघा मारून समजावलं होतं. वाफ्यांच्या कडेनं जे कुंपण होतं त्याला मी त्या कॅरेटच्या जाळीचा फोटो चिकटवला, नानांच्या तीन रेघांसकट, ओघळासकट. कुणाला कळणार नाही आणि मला कळेल, म्हणून. आम्ही वाफा इंटरनेटवर फुकट टाकली, २०१३ चा पोळा होता त्या दिवशी. एक्केचाळीस लोकांनी उतरवून घेतली. मग नानांना अर्धांगाचा झटका आला आणि मी चार महिने मखमलाबादला त्यांना भरवत, पुसत, कूस बदलून देत होते. नाना गेले, आप्पांनी खांदा दिला, तेरावं झालं, आणि मी खोलीवर परत आले तर दाराला वेगळं कुलूप होतं. वाफ्यांची भुयारं झाली होती, पाण्याचा उजेड झाला होता, कुंपणांचे दरवाजे झाले होते, आणि पुण्याच्या कुठल्याशा स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. एकट्याला. मी फोन केला. तो म्हणाला, "अगं, पण तू नव्हतीस ना." मी कुठं होते हे त्याला माहीत होतं. तो नानांच्या मातीला आला होता. या वाक्याला मी बारा वर्षं उत्तरं रचतेय. भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर, दाताच्या डॉक्टरकडे आ करून बसल्यावर. तेव्हा मात्र मी "बरं" म्हणाले होते.

मुलाखतीनंतर चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. बंगळुरूची एक मोठी कंपनी सगळी भुयार मालिका विकत घेणार होती आणि त्यांच्या वकिलानं ती मुलाखत बघून विचारलं होतं, ही कोण मैत्रीण, आणि तिची कुठली गेम? म्हणजे ज्या तोंडानं त्यानं नमस्कार केला त्याच तोंडानं स्वतःच्या पायात दोर अडकवून घेतला होता. मला इतका आनंद झाला की मी लगेच आवाज मऊ केला. "एक सही हवी होती गं," तो म्हणाला. "ना हरकत पत्र. नुसती फॉर्मॅलिटी. बुधवारी येशील? कितीतरी वर्षांत भेटलो नाही आपण." येते म्हणाले. रविवारी मखमलाबादला गेले. आईनं विचारलं, "अचानक कशी गं?" मी अंगणात कॅरेटवरची कळशी उचलून बाजूला ठेवली, कॅरेट पुसलं, उन्हात धरून त्याचा फोटो काढला. रंग बराच उडालाय, पण ओघळ आहे तिथंच आहे.

"त्ये कशाला पाहिजे तुला?" आई म्हणाली.

"एकाला दाखवायचंय."

आईनं माझ्याकडे बघितलं. ठमाबाई नाव तिचं, नावासारखीच, एका जागी बसून सगळं ओळखणारी. "वतायला चालली का?" तिनं विचारलं. मी कॅरेट काखेत घेतलं. "जाय," ती म्हणाली. "पण त्ये परत आण. माझी कळशी भुईवर ऱ्हायली."

बुधवारी अर्धी रजा टाकली. स्कूटरवर पायांशी कॅरेट उभं ठेवून गंगापूर रोडला शेखरच्या ऑफिसात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. काचेच्या भिंतीपलीकडे वीसेक माणसं ओळीनं स्क्रीनसमोर बसली होती, कानांवर हेडफोन, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर माझे दरवाजे. एका मुलीनं मान वर करून माझ्या हातातल्या कॅरेटकडे बघितलं, हसली, आणि पुन्हा कामाला लागली. शेखर उठून आला. "अगं ये, ये! अजून तश्शीच आहेस. भाजी आणलीस का काय?" मी कॅरेट त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते बघितलं, म्हणजे त्याची नजर त्यावरून गेली, आणि मग त्यानं ते कागद ठेवायला जागा व्हावी म्हणून हातानं जरा पलीकडे सरकवलं. ते बघताना मला इतकं सुख झालं की मी खुर्चीत सावकाश बसले. घाई नव्हती.

तो पुष्कळ बोलला. चांगलं बोलतो. नानांची आठवण काढली, त्या माडीवरच्या खोलीत उंदीर होते त्याची काढली, मी रागावले की पेन्सिल चावायचे त्याची काढली. मग म्हणाला, "चौथ्या भागात मी एक खोली ठेवतोय. लपलेली. तिच्या आत वाफा असेल, पूर्ण खेळता येईल अशी. गेमच्या आत गेम! जो शोधेल त्याला सापडेल. लाखो लोक खेळतील ती, योगिनी. तुझी वाफा." आणि खरं सांगते, मला मोह पडला. एक्केचाळीस माणसं आठवली. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात शिरताना मी जो आवाज दिला होता तो आठवला, आमच्याच पाटावर फोन धरून घेतलेला, मागं नाना कुणाला तरी हाक मारताहेत असा. तो आवाज लाखो लोक ऐकतील. पेन टेबलावर होतं. माझा हात मांडीवरून उठला होता.

"नाव?" मी विचारलं.

"नाव लपलेलंच बरं. त्यातच तर गंमत आहे." मग तो पुढं झुकला आणि त्याचा आवाज खरोखरच हळवा झाला. "तुला वाटत असेल मी सगळं विसरलो. पण त्या रेघा मी कधी पुसल्या का? दोन मिनिटांचं काम होतं. तीन भाग झाले, बारा वर्षं झाली. तुझ्यासाठी ठेवल्या त्या."

 बारा वर्षांत मी शेकडो वाक्यांची उत्तरं रचली होती, पण हा असं म्हणेल हे सुचलंच नव्हतं. खरं असलं तर? दर भागात, दर दरवाज्यावर, हा माणूस मनात ओशाळून माझी खूण जपत बसला असेल तर? मग मी त्या चांदवडच्या नाराज खेळाडूसकट केवढी क्षुद्र ठरते! काचेपलीकडे ती हसरी मुलगी एका लांब बोळातून चालत होती, स्क्रीनवर. दोन्ही बाजूंना दरवाजे. मी ते दरवाजे हजारदा बघितले होते, पण दर वेळी राग डोळ्यांवर असायचा आणि मी फक्त उजवीकडचे बघायचे, माझे. आज पहिल्यांदा डावीकडे बघितलं. आमच्या धंद्यात एक सवय आहे, एका भिंतीचं चित्र केलं की समोरच्या भिंतीसाठी नवीन कोण करतो, तेच आरशातल्यासारखं फिरवून चिकटवायचं. मीसुद्धा द्राक्षांची पानं तशीच करते. डाव्या भिंतीवर तीन रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या. ओघळही दुसऱ्या बाजूला गेला होता.

"शेखर," मी म्हणाले, "त्या रेघा कुणाच्या आहेत?"

"कुणाच्या म्हणजे? तुझ्या. तुझी सहीच ना ती?"

"आणि डाव्या भिंतीवरच्या?"

त्यानं मागं वळून काचेतून बघितलं. "त्याही तुझ्याच की. नुसत्या मिरर केल्यात."

मला हसू फुटलं, पहिल्या भागाच्या दिवशी फुटलं होतं तसंच. ज्यानं ती खूण माझ्यासाठी एक दिवसही जपली असती त्यानं एकदा तरी, वाफाच्या त्या दिवसांत, विचारलं असतं की ही काय आहे गं. मी सांगितलं असतं. आणि एकदा ज्याला सांगितलं तो मखमलाबादच्या भारतनानाच्या समोर, त्याच बोळात, चिमाजीआप्पांची खूण आयुष्यात लावणार नाही. यानं अर्धी मालिका आप्पांच्या नावावर करून ठेवली होती आणि त्याला मैत्रिणीची आठवण म्हणत होता. "त्या आमच्या आप्पांच्या आहेत," मी म्हणाले. त्याला काही समजलं नाही. मी बोट दाखवलं तेव्हा त्यानं शेजारच्या कॅरेटकडे बघितलं, या वेळी खरंच बघितलं, रेघा, ओघळ, जाळी, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. आपण बारा वर्षं कशाचे दरवाजे विकतोय हे त्याला बहुतेक तेव्हाच कळलं. त्यानं दाराकडे बघितलं, बंद आहे ना ते पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "अगं, पण हे कुणाला कळणार आहे?"

"मी नव्हते तेव्हा कळलं नाही," मी म्हणाले. "आता आहे." बारा वर्षं रचलेल्या सगळ्या उत्तरांपेक्षा हे साधं होतं आणि ते आयत्या वेळी सुचलं. कागदावर सही न करता मी उठले. 

खाली चहाची टपरी होती. बाकावर बसले आणि त्या एकोणीस नंबरच्या व्हिडिओखाली लिहायला घेतलं. कॅरेटचा फोटो टाकला. वाफाच्या जुन्या पानाचा पत्ता टाकला, तारखेसकट ते अजून तिथंच आहे. मग लिहिलं, "एकोणीस नंबर हा भुयारमधला दुसऱ्या गेमचा संदर्भ नाही. भुयार हीच 'वाफा' आहे, माझी, नाव बदलून विकलेली. उजव्या भिंतीवरची खूण माझ्या वडिलांच्या कॅरेटची आहे. ज्याला पटत नसेल त्यानं वाफा उतरवून कुंपण बघावं." खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. काचेपलीकडची वीस माणसं डोळ्यांसमोर आली, त्यातल्या कुणी माझं काही घेतलं नव्हतं. बंगळुरूवाले मागं फिरले तर आधी त्यांच्यावर येणार होतं. कुसाकाकूचा पदर डोळ्यांसमोर आला. आला तर आला. मी बटण दाबलं आणि पोटात तेच थंडगार, गोड वाटलं, अकरा वर्षांच्या मुलीला वाटलं होतं तेच. जरासुद्धा जुनं झालेलं नव्हतं.

दुसरा चहा संपायच्या आत वैष्णवीचा फोन आला. "ताई, ही योगिनी तू आहेस? अगं, लोक वाफा उतरवतायत! कुंपणाचे फोटो टाकतायत, ओघळाला गोल करून! तू मला कधी बोलली नाहीस!" ती रडत होती की ओरडत होती कळेना. अर्ध्या तासात पाचशेच्या वर लोकांनी लिहिलं होतं. कुणीतरी शेखरच्या मुलाखतीतलं 'मजा जाईल' एवढंच वाक्य कापून परत परत वाजवलं होतं. मी एकेक ओळ वाचत होते, चवीनं, आणि मग आईला फोन लावला.

"वतलं का?" तिनं विचारलं.

"ओतलं."

"बरं. कॅरेट आणलं का?"

मी पायांकडे बघितलं. मग स्कूटरकडे बघितलं. कॅरेट वर होतं, त्याच्या काचेच्या टेबलावर.

"आई, वरच राह्यलं."

"मंग जाय ना," ती म्हणाली. "नाय तं नुसतं नुकसान केलं म्हण एखाद्याचं."

तीन मजले परत चढले. नाना एका फेरीत सुटले होते; ओतलं, उचललं, मागं न बघता चालू लागले. मला परत जाऊन बघावं लागत होतं. दार ढकललं तर वीस माणसांचे हेडफोन गळ्यात होते आणि फोन हातात. कुणीतरी मघाच्या त्या हसऱ्या मुलीला "संध्या, ह्याच त्या," असं पुटपुटलं. शेखर आतल्या खोलीत पाठमोरा उभा राहून फोनवर इंग्रजीत कुणाची तरी समजूत घालत होता. एका हातानं त्यानं कॅरेटची कड धरून ठेवली होती, बोलताना माणूस काहीतरी धरतो तशी. मी आत गेले, त्याची बोटं कडेवरून सोडवली आणि कॅरेट उचललं. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. बाजारात बोलत नाहीत तसाच.

बाहेर येताना संध्याच्या खुर्चीमागून वाट होती. तिच्या स्क्रीनवर तोच बोळ उघडा होता. तिला रेघा पुसून काढायला सांगितलेलं दिसत होतं, सगळ्या, आजच्या आज, चारही भागांतल्या. चित्र इतक्या जागी इतक्या तऱ्हांनी चिकटवलेलं होतं की एकदम निघण्यासारखं नव्हतं. ती एकेका दरवाज्याशी थांबत होती, रेघांभोवती चौकट ओढत होती, पुसत होती, पुढच्या दरवाज्याशी जात होती. मघाचं हसू कुठंच नव्हतं. उजवीकडचं एक पुसलं, डावीकडचं एक पुसलं. पुढं बोळ लांबच लांब होता. तिनं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "मॅडम," ती म्हणाली, "डावीकडच्या पण तुमच्याच ना? त्या पण काढायच्या?"

त्या आप्पांच्या, त्या राहू देत, एवढं सांगितलं असतं तर तिचं निम्मं काम वाचलं असतं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"सगळ्या काढ," मी म्हणाले, आणि कॅरेट कमरेवर घेऊन जिना उतरले.